डबल डेकरच्या कामाची वही

२० ऑक्टोबर २०२४

पाऊस माघारी गेला, शेडमधली जमीन वाळली आणि आज गाडीखाली नीट झोपून बघता आलं. वस्ताद (आमचे मेकॅनिक) आणि मी टॉर्च घेऊन पुढच्या अ‍ॅक्सलपासून मागच्या टोकापर्यंत सरकत गेलो. चासी सरळ आहे. आडव्या मेंबरांना गंज आहे, पण वरवरचा. हातोडी मारली की आवाज खणखणीत येतो. खरी काळजी चासीच्या वर सुरू होते. बॉडीचे उभे खांब खालच्या चौकटीला जिथे जोडलेत, तिथे डाव्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर लोण्यात शिरावा तसा आत गेला. मागचं दार आणि जिना याच बाजूला. पंधरा पावसाळे भिजलेली माणसं इथूनच चढली-उतरली, छत्र्यांचं पाणी इथेच निथळलं.

गाडीची माहिती वहीच्या पहिल्या पानावर असावी म्हणून लिहून ठेवतो. अशोक लेलँडची टायटन चासी, इंजिन पुढे, जिना मागे, खाली-वर दोन मजले. २००७ साली मुंबईच्या रस्त्यावर आली, पंधरा वर्षं भरली तेव्हा २०२२ मध्ये लिलावात निघाली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राची अधिसूचना आली आणि १ एप्रिल २०२३ पासून सरकारी व सार्वजनिक उपक्रमांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी संपून त्या अधिकृत केंद्रातच मोडीत काढायचं ठरलं. आमची गाडी त्याआधी बाहेर पडली म्हणून वाचली.

रस्त्यावर ती पुन्हा धावणार नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट असलेलं बरं. जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळा नियम झाला, पण तो पन्नास वर्षांवरच्या, बिगर-व्यावसायिक वापरातल्या दुचाकी-चारचाकींसाठी. शहर बस त्यात बसत नाही. म्हणून आमचं उद्दिष्ट एवढंच आहे: आवारातल्या आवारात तिने स्वतःच्या इंजिनावर चालावं, स्वतःच्या ब्रेकवर थांबावं, आणि आत चढलेल्या माणसाला ती कामावरची बस वाटावी.

२७ ऑक्टोबर

चाकांना ठोकळे लावून मागचा अ‍ॅक्सल लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घेतला. एका जागी उभी राहून टायर खालून चपटे झालेत. मागचे पार्किंग ब्रेक स्प्रिंगचे, हवा संपली की आपोआप लागतात. ते चेंबरच्या बोल्टने मागे खेचून मोकळे केले. चाक हाताने फिरलं, बेअरिंगची खरखर नाही. दिवस चांगला गेला.

१० नोव्हेंबर

रंगावरून आज बराच वेळ बोलणं झालं. मदत करणाऱ्यांपैकी एकाचं म्हणणं, सगळा पत्रा घासून, पुट्टी भरून, ओव्हनमधला रंग मारू. शोरूममधून काढल्यासारखी दिसेल. त्यांचा हेतू चांगला आहे, पैसेही ते द्यायला तयार आहेत. पण शोरूममधून काढलेली दिसावी अशी ही गाडी कधी नव्हतीच. ती डेपोतून पहाटे निघायची, रात्री परत यायची, धुतली जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायची.

डिझेलच्या झाकणाशेजारी तळहाताएवढा चौकोन निवडला आणि ओल्या पॉलिश पेपरने एकेक थर पायरी-पायरीने उघडा केला. कोरडं घासत नाही. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. सगळ्यात वर फिका पडून नारंगीकडे झुकलेला लाल. त्याखाली गडद लाल, त्याखाली राखाडी प्राइमर. मग पुन्हा लाल, हा जरा विटकरी. त्याखाली एका कोपऱ्यात पुट्टीचा जाड गोळा, म्हणजे इथे कधीतरी कुणीतरी घासून गेलं होतं. शेवटी उघडा अ‍ॅल्युमिनियम, त्यावर पत्रेवाल्याच्या हातोडीचे बारीक खड्डे. बाहेरून एकच लाल दिसणाऱ्या पत्र्यात गाडीचं अर्धं आयुष्य थरांनी रचलेलं आहे. हा चौकोन तसाच ठेवायचा, वर पारदर्शक लॅकर मारायचा.

त्यावरून कामाचा नियम ठरला. गाडी उभी राहायला, चालायला आणि आतला माणूस सुरक्षित राहायला जे लागतं ते बदलायचं. जे झिजलंय पण भार पेलतंय ते झिजलेलंच ठेवायचं. काढलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी बांधून फळीवर ठेवायचा. रंग लागेल तिथे शेवटच्या थराला जुळवून, आणि तोही ब्रशने. पैसे देणारे काका तो चौकोन बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, तुम्ही म्हणता तसं." त्यांचे पैसे छपराच्या गळतीला वापरणार आहोत.

२४ नोव्हेंबर

आज मास्तर आले. मास्तर म्हणजे कंडक्टर. मुंबईत बसमध्ये वाहकाला दुसरं नाव नाहीच. आयुष्यभर बसवर काढून निवृत्त झालेले, त्यातली बरीच वर्षं डबल डेकरवर. गुडघे दुखतात म्हणून वर चढणार नाही म्हणाले, पण मागच्या पायरीवर पाय ठेवल्याबरोबर हात आपसूक दांडीकडे गेला आणि दुसऱ्या मिनिटाला ते वरच्या मजल्यावर होते.

त्यांना बोलावलं होतं ते एका डागासाठी. खालच्या मजल्यावर जिन्याशेजारच्या उभ्या दांडीवर कमरेच्या उंचीवर एक वीतभर पट्टा असा गुळगुळीत झालाय की त्यात टॉर्चचा उजेड परततो. वर-खाली सगळीकडे दांडीचा रंग शाबूत, फक्त तिथेच धातू उघडा. मी समजत होतो प्रवाशांच्या हाताने झिजला असेल. मास्तर त्या दांडीला डाव्या कुशीने टेकले, उजवा गुडघा सीटच्या चौकटीला लावला आणि दोन्ही हात मोकळे केले. एका हातात टिकिटांचा डबा, दुसऱ्यात पंच. बस ब्रेक मारो की वळण घेवो, ते हलणार नाहीत. पट्टा बरोबर त्यांच्या कमरेला लागला. "इथे सगळेच टेकायचे," ते म्हणाले. "दुसरी जागा नाही. इथून दार दिसतं, जिना दिसतो, आणि घंटेची दोरी हाताला येते."

मग त्यांनी काम समजावलं. डबल डेकरला दोन मास्तर, एक खाली, एक वर. वर उभं राहायला परवानगी नाही, जागा असेल तरच वर सोडायचं, म्हणून वरच्या मास्तरला रिकाम्या जागा सतत डोक्यात ठेवाव्या लागत. खालच्याकडे दार आणि घंटा. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हर पुढे, दार पार मागे. ड्रायव्हरला दारातलं काही दिसत नाही, आरशातही धड नाही. म्हातारं माणूस अजून पायरीवर आहे की आत आलं, हे फक्त मास्तरला ठाऊक. "दोन टोले दिले की जबाबदारी माझी. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही, तो माझ्या घंटेवर गाडी सोडतो." हे सांगताना त्यांचा आवाज वेगळा झाला.

पंच टिकटिकवून लक्ष वेधणं, गर्दीत कोपराने वाट काढत पुढे सरकणं, कोणत्या स्टॉपवर किती चढणार याचा अंदाज बांधून आधीच पैसे घेणं, हे सगळं त्यांनी रिकाम्या बसमध्ये करून दाखवलं. त्यांच्या परवानगीने व्हिडिओ घेतला. गाडी जपायची तर हेही जपायला हवं. नुसता पत्रा ठेवला तर उद्या बघणाऱ्याला ती दांडी तिथे का चमकते ते कळणार नाही.

दांडीच्या त्या पट्ट्याला रंग लावायचा नाही. मेणाचा हलका हात, बस.

८ डिसेंबर

डाव्या बाजूचे खालचे पत्रे उतरवले. रिबिटांची डोकी ड्रिलने उडवली, पत्रा सुटला आणि आतून पांढऱ्या भुकटीचा ढीग पडला. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लोखंडी चौकटीवर थेट बसवलेला. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटीशी बॅटरीच तयार होते. त्यात अ‍ॅल्युमिनियम आधी जातं. मुंबईत पावसाळ्याचे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी आणि बाराही महिने समुद्राची हवा. पत्रा आतून आधीच पोकळ झालेला असतो, बाहेरून रंग छान दिसत राहतो.

तीन खांबांची खालची वीतभर लांबी गेली आहे. कापून त्याच मापाचा, त्याच जाडीचा तुकडा जोडायचा, वेल्डिंगनंतर घासून झिंक प्राइमर, आणि पत्रा बसवताना दोन्ही धातूंच्या मध्ये सीलंटची पट्टी. रिबिट अ‍ॅल्युमिनियमचेच.

वेल्डरने सुचवलं की वरच्या मजल्याचे सडलेले पत्रेही लोखंडी टाकू, स्वस्त पडतील आणि टिकतील. त्याला गाडीखाली नेऊन दाखवलं. इंजिन, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी, अ‍ॅक्सल, सगळं वजन खाली आहे आणि वरचा मजला मुद्दाम हलका ठेवलाय. दुमजली गाडी वळणावर न कलंडता जाते ती याच हिशेबामुळे. वर उभं राहायला मनाई असते त्यामागेही हेच कारण. वर लोखंड चढवलं की हा तोल बिघडला. आवारात पायी चालण्याच्या वेगाने फिरणार असली तरी ज्यांनी ती उभी केली त्यांचा हिशेब मोडायचा नाही. त्याला पटलं, पुढच्या वेळी त्यानेच अ‍ॅल्युमिनियमचा पत्रेवाला सोबत आणला.

उंचीचंही आज एकदा नक्की केलं. नियमाप्रमाणे दुमजली गाडी ४.७५ मीटरपर्यंत उंच असू शकते. शेडची आडवी तुळई त्याहून वर आहे, पण छपरावर उकिडवं बसून काम करायचं तर पाठ लागते. छपराचं काम बाहेर काढूनच करावं लागेल.

२२ डिसेंबर

इंजिनाची तयारी. सहा सिलिंडर, किती काळ फिरलं नाही कुणास ठाऊक. वस्तादांचा एकच मंत्र: घाई करायची नाही, सेल्फ मारायचा नाही. डिझेल फवारणारे नोझल काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, आठवडाभर मुरू दिलं होतं. आज पुढच्या पुलीवर पाना लावून दोघांनी जोर दिला. आधी काहीच नाही, मग अगदी हळू, एक चिकट सरकणं जाणवलं. पूर्ण फेरी झाली. कुठे अडलं नाही, कुठे कडकड नाही.

टाकीतलं डिझेल काढलं तेव्हा तळातून काळपट चिखल आला. डिझेलमध्ये पाणी साचलं की त्यात जंतू वाढतात आणि हा गाळ होतो. एवढासा जरी डिझेलच्या पंपात गेला तर पंप आणि नोझल दोन्ही कामातून जातात. टाकी उतरवून धुतली, पाइप फुंकले, फिल्टर नवे. नोझल टेस्टिंगला पाठवले. ऑइल, कूलंट नवं. रेडिएटरचे होज पिळून बघितले तर आतून तडे, तेही बदलले. जुने होज चिठ्ठी बांधून फळीवर.

५ जानेवारी २०२५

चालू झालं.

कसं झालं ते नीट लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला जुनं डिझेल इंजिन जागं करायचं असेल तर उपयोगी पडेल. आधी बॅटऱ्या: बारा-बाराच्या दोन, जोडून चोवीस व्होल्ट. अर्थिंगची तार जिथे चासीला लागते तिथलं टोक घासून चकचकीत केलं. हातपंपाने डिझेल वर आणलं, पंपाच्या स्क्रूवर आधी फेस आला, मग स्वच्छ धार. एअर निघाली. स्टॉपचा लिव्हर ओढून धरला, म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि तसाच थोडा-थोडा सेल्फ दिला. इंजिन नुसतंच फिरलं, दोन दमांच्या मध्ये सेल्फला विश्रांती. ऑइलच्या गेजचा काटा हलला तेव्हा वस्तादांनी मान डोलावली. बेअरिंगांना ऑइल पोचल्याशिवाय आग द्यायची नाही, हा या सगळ्याचा गाभा.

मी इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी प्लायवुडचा तुकडा घेऊन उभा. डिझेलचा जुना पंप अडकून इंजिन बेफाम सुटलं तर चावी फिरवून ते थांबत नाही, त्याची हवाच तोडावी लागते. तुकडा हातात असणं सक्तीचं, तो वापरावा लागला नाही ही देवाची कृपा.

लिव्हर सोडला. दोन सिलिंडर आधी पकडले, गाडी थरथरली, पांढऱ्या धुराचा लोट शेडभर झाला. मग तिसरा, चौथा, आणि एकदम आवाज भरला. धूर पातळ होत गेला. निळा नाही, म्हणजे ऑइल जळत नाही. काळा नाही, म्हणजे नोझल ठीक. वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. खिडक्यांच्या काचा त्या ठराविक तालात वाजत होत्या, ज्या तालात दादर ते म्युझियम अर्धी झोप काढून व्हायची. डोळे भरून आले, लपवलं नाही.

१९ जानेवारी

ब्रेकची हवा. इंजिन चालू केलं तर प्रेशर तीन किलोच्या वर चढेना. साबणाच्या पाण्याची बादली आणि ब्रश घेऊन टाकीपासून चाकापर्यंत एकेक जोड तपासला. बुडबुडे सगळीकडून नव्हते, दोनच जागी होते: मागच्या डाव्या चेंबरचा रबरी पडदा फाटलेला, आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या ब्रेक व्हॉल्व्हमधून सततची फुसफुस. व्हॉल्व्हला किट टाकलं, चारही चेंबरचे पडदे बदलले. इथे जुनं ठेवायचा प्रश्नच नाही, ब्रेक हा आमच्या नियमातला पहिला अपवाद. आता सात किलोवर जातं, अनलोडर (जास्तीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह) सुस्कारा सोडतो आणि काटा स्थिर राहतो.

ड्रम काढले तेव्हा आतली धूळ कुणीतरी सवयीने हवेच्या पाइपने उडवायला निघालं, त्याला थांबवलं. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओला कपडा, मास्क, आणि कपडा पिशवीत बंद. डेपोत वर्षानुवर्षं ही धूळ श्वासात घेऊन काम केलेल्या फिटरांचा विचार दिवसभर मनातून गेला नाही.

९ फेब्रुवारी

काम कमी, वाद जास्त. प्रश्न पुढच्या पाटीचा: कोणता नंबर लावायचा?

बहुतेकांचं मत, ४१५. १५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईची शेवटची साधी डिझेल डबल डेकर आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ मार्गावर धावली, हारफुलं घालून निरोप दिला, लोक फोटो काढायला जमले. त्या दिवसाशी नातं जोडायला कुणाला आवडणार नाही? पण ती आमची गाडी नव्हे. आमची तर वर्षभर आधीच लिलावात गेलेली. तिच्या कपाळावर दुसऱ्या गाडीचा दिवस लावला तर पुढे येणारा प्रत्येक माणूस तेच खरं धरून चालेल. जपण्याच्या नावाखाली खोटा इतिहास तयार करणं मला मान्य नाही, आणि हे मी आज जरा चढ्या आवाजात बोललो.

एका पोराने विचारलं, मग कोणता इतिहास सांगायचा? सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मुंबईत पहिली मोटर बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. त्याआधी ट्राम होत्या, १८७४ पासून घोड्यांच्या आणि १९०७ पासून विजेच्या. डबल डेकर बस १९३७ मध्ये आली. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हे सगळं चालवणारी कंपनी, म्हणजे आजची बेस्ट, महापालिकेच्या मालकीची झाली. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम गेली. त्याच दशकात, १९६७ मध्ये, अशोक लेलँडची टायटन आली. एके काळी शहरात नऊशेच्या आसपास डबल डेकर होत्या. मग चालवण्याचा खर्च, दोन मास्तर लागणं, यामुळे त्या कमी होत गेल्या. फेब्रुवारी २०२३ पासून विजेवरच्या नव्या डबल डेकर आल्या आहेत, वातानुकूलित, आवाज न करणाऱ्या. त्या चांगल्या आहेत, मी आवडीने बसतो. पण वरच्या पहिल्या सीटवर बसून उघड्या खिडकीतून तोंडावर येणारा वारा त्यांच्यात नाही. पावसाचे पहिले थेंब, गुलमोहराची फांदी छपराला घासल्याचा आवाज, ते या गाडीत होतं.

पाटीचा निर्णय: गाडीच्या नंबरावरून ती ज्या मार्गांवर धावल्याचं दोन निवृत्त ड्रायव्हरांना स्वतंत्रपणे आठवेल, तोच मार्ग लावायचा. तोपर्यंत पाटी कोरी. लावू तेव्हा पुढे मराठी, कडेला इंग्रजी, जशी मुंबईत असते तशी.

९ मार्च

जिना. खालून तिसऱ्या पायरीला वळण आहे, आणि तिथे अ‍ॅल्युमिनियमची नक्षीदार पट्टी आतल्या बाजूला पूर्ण सपाट झालीय. वळताना सगळ्यांचा पाय आतल्या कोपऱ्यावर पडतो. बाहेरच्या बाजूला नक्षी नवी असावी तशी. पट्टी बदलायची नाही, पण घसरेल. म्हणून कडेला बारीक काळी खडबडीत पट्टी लावली, हवी तेव्हा काढता येईल अशी. पायरीखालचं प्लायवुड मात्र कुजलं होतं, ते नवं टाकलं. पट्टी पुन्हा त्याच भोकांत बसवली.

सीटच्या मागच्या पाठींवर खिळ्याने कोरलेली नावं आहेत, बाण मारलेली हृदयं आहेत, एका ठिकाणी नीट उभ्या भागाकाराचं गणित आहे. बहुधा कॉलेजला जाताना कुणीतरी सोडवलेलं. ते पुसणार नाही. नावं मात्र फोटोत अस्पष्ट करतो. ती माणसं आता कुठे कुठे संसारात असतील, त्यांची हरकत असू शकते.

घंटेची दोरी नवी ओवली. घंटा जुनीच, नुसती पुसली. एक टोला, दोन टोले. आवारातली कुत्री उठून बसली.

२० एप्रिल

गाडी स्वतःच्या पायावर शेडबाहेर आली. स्टिअरिंगवर निवृत्त ड्रायव्हर काका, पंच्याहत्तरीच्या जवळ. आम्ही त्यांना विचारलं, काका जमेल ना, तर ते उत्तर न देता आधी गाडीभोवती एक फेरी मारून आले. प्रत्येक टायरला लाथ, चाकाच्या नटांवर हात, खाली वाकून ऑइल गळतंय का ते बघणं, आरसे, हॉर्न. डेपोतून गाडी काढताना जे रोज करत होते तेच, त्याच क्रमाने. मग केबिनमध्ये चढले, प्रेशर सात किलोवर येईपर्यंत हात मांडीवर ठेवून शांत बसले.

मास्तर मागे दारात होते. त्यांनी पायरी बघितली, आतली पोरं बसलीत का बघितलं आणि दोन टोले दिले. काकांनी आरशाकडे न बघता क्लच सोडला.

पॉवर स्टिअरिंगची गळती अजून काढलेली नाही, त्यामुळे वळवताना काकांना अख्ख्या खांद्याचा जोर लावावा लागला. पण गेट ते पिंपळ आणि परत, पहिल्या गिअरमध्ये, कुठेही ठेच न लागता. ब्रेक एकसारखे धरतात. पिंपळाची खालची फांदी छपरावर घासली तेव्हा वरून पोरांचा जो ओरडा झाला तो बाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेला असणार. फांदी छाटायची का असं कुणीतरी विचारलं. सगळे एकसुरात नाही म्हणाले.

२७ मे

पाऊस कालच आला. मुंबईत इतक्या लवकर तो नोंदींच्या काळात कधी आला नव्हता म्हणतात. आमचं वेळापत्रक जूनच्या दुसऱ्या आठवड्याचं होतं. छपराच्या सांध्यांचं सीलंट पुढच्या अर्ध्या भागात झालंय, मागचं बाकी. काल रात्री मिळेल ती ताडपत्री घेऊन आठ-दहा जण धावले. ताडपत्री थेट रंगावर टाकत नाही, खाली हवा अडकली की रंग फुगतो. बांबूची चौकट करून छपराच्या वर वीतभर उचलून बांधली. पहाटे येऊन बघितलं. पुढचा अर्धा भाग कोरडा, नव्या सांध्यातून एक थेंब नाही. मागे जिन्यावर पाणी होतं, पण वाट कळली: छपराच्या मागच्या कोपऱ्यातलं पन्हाळीचं भोक पानांनी बुजलंय आणि पाणी साचून आत उतरतंय. म्हणजे पंधरा वर्षं जिन्याखालचे खांब सडवणारं पाणी नुसतं छत्र्यांचं नव्हतं, छपराचंही होतं. हे उन्हाळ्यात कळलं नसतं. पहिल्या नोंदीशेजारी तसा शेरा लिहिला आहे.

१५ जून

पन्हाळीचं भोक मोठं केलं, त्यावर जाळी बसवली. मागच्या सांध्यांचं काम पावसाच्या उघडिपीत करायचं, पत्रा पूर्ण वाळल्याशिवाय सीलंट लावायचं नाही. वेल्ड केलेल्या तिन्ही खांबांवर आतून मेण फवारलं.

एका ड्रायव्हर काकांना मार्ग आठवला आहे. गाडीचा नंबर सांगितल्यावर त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितला, शिवाय तिच्या दुसऱ्या गिअरची तक्रारही सांगितली, जी खरोखर आहे. मार्ग इथे लिहीत नाही. दुसऱ्या माणसाला विचारण्याआधी तो कुणाच्या कानावर जायला नको.

पुढचं काम: स्टिअरिंगच्या पंपाचं सील. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांचं बीडिंग, जुन्याच नमुन्याचं रबर मिळतंय का बघणे. मागच्या दिव्यांची वायरिंग. जुनी तार शक्य तिथे ठेवून फक्त तुटलेले भाग बदलणे. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून प्रेशर सातपर्यंत नेणे, हवेच्या टाक्यांतलं पाणी काढणे. रविवारची पाळी मास्तरांनी मागून घेतली आहे, घंटा तेच तपासणार.